तात्यांचा फोटो काढा

माझा कॅमेरा विकत घेतला तेव्हा काळा होता. आज तो कोणत्या रंगाचा आहे हे मला खात्रीनं सांगता येणार नाही. बटणांच्या फटीत गुलाल आहे, खाचांमधून भंडारा आहे, आणि गळ्यातला पट्टा धुवायला घेतला तर तिसऱ्या बादलीपर्यंत पाणी गुलाबी येतं. सांगलीचा दुरुस्तीवाला तो उघडण्याआधी हात जोडतो. एकदा आतून खोबऱ्याचा तुकडा निघाला, तेव्हा त्यानं तो कपाळाला लावून खाल्ला आणि मग मला सांगितलं की शटर गेलंय.

जत्रांचे फोटो काढणारा माणूस आहे मी. पाटीवर नुसतंच 'फोटो स्टुडिओ' असं लिहिलंय, कुंडलकडे जाणाऱ्या रस्त्याला, खताच्या दुकानाच्या वर. लग्नं, बारशी, फॉर्मला चिकटवायचे फोटो, निवृत्तीच्या हारातले फोटो, सगळं करतो आणि त्यावरच घर चालतं. पण होळी झाली, ज्वारीची कणसं खुडून झाली, की आमच्या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात एकामागून एक गावचे देव पालखीत बसून बाहेर पडतात आणि माझे पाय दुकानात ठरत नाहीत. बायको विचारते, "तुमाला देव बोलावतो का दुसऱ्या दिवसाचं मटण?" जत्रेचा पहिला दिवस पुरणपोळीचा असतो आणि दुसरा मटणाचा. मी एवढंच सांगतो की दोन्ही दिवशी माझी हजेरी पूर्ण असते.

ज्यांनी आमच्याकडची पालखी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पालखी देवळातून निघाली की पोत्यानं गुलाल उधळतात. पोत्यानं हा शब्द मी वाढवून लिहिलेला नाही, खरोखर पोतं असतं. त्याच्याबरोबर खोबरं येतं, तेही भक्तीनं पण जोरात. ढोल असे वाजतात की खिशातला मोबाइल आपोआप थरथरतोय असं वाटतं. त्या ढगात उभं राहून देवाचा मुखवटा, खांदेकऱ्यांचे चेहरे आणि कमिटीच्या अध्यक्षांचा फेटा एका चौकटीत आणायचा, हा माझा धंदा. हल्लीचे कॅमेरे हुशार आहेत, आपणहून चेहरा शोधतात. पण गुलालात त्यांचंही डोकं फिरतं. माझ्या कॅमेऱ्यानं एकदा अध्यक्षांना सोडून मागच्या म्हशीचा चेहरा पकडला होता. म्हैस फार स्पष्ट आली होती.

म्हणून मी कॅमेऱ्याला आंघोळीची टोपी घालतो. बायका केस भिजू नयेत म्हणून घालतात ती, प्लॅस्टिकची, कडेला इलॅस्टिकवाली. पुढं भोक पाडून लेन्स बाहेर काढायची. पहिल्यांदा असा टोपडं घातलेला कॅमेरा छातीशी धरून गर्दीत उभा राहिलो, तेव्हा शेजारच्या म्हातारीनं वाकून बघितलं आणि विचारलं, "किती म्हयन्याचं हाय रं?"

गिऱ्हाइकंही जत्रेसारखीच. बैलगाडा शर्यतीला एक जण भेटले. त्यांच्या बैलानं पहिला नंबर मारला होता. मी मालक आणि बैल असा जोडीचा फोटो घ्यायला गेलो तर म्हणाले, मला नको, एकट्या बैलाचा घ्या, पासपोर्ट साइज, आठ कॉप्या. मागं पांढरा पडदा पाहिजे आणि दोन्ही कान दिसले पाहिजेत, नियम आहे. मी पडदा धरायला दोन माणसं उभी केली. बैल इतका शांत उभा राहिला की मला वाटलं, ह्याला परदेशी जायचंय. एक कॉपी पाकिटात, एक मोटारसायकलच्या टाकीवर आणि बाकीच्या पाव्हण्यांना वाटून टाकल्या असं नंतर कळलं. बायकोचा फोटो पाकिटात आहे का, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

उन्हाळ्यात आमच्याकडे दुसरंही एक पीक येतं, लग्नाआधीच्या जोडीच्या फोटोंचं. सगळे त्याला प्री-वेडिंग म्हणतात. माझी सासू 'फिरीचं येड' म्हणते, आणि तिचं फारसं चुकत नाही. जोडप्यांना सीनरी लागते. मोबाइलवर श्रावणातला धबधबा दाखवतात आणि चैत्रात म्हणतात, हाच पाहिजे. मी नेतो. तिथं काळा कोरडा कडा असतो, त्यावर माकडं बसलेली असतात आणि ती आमच्याकडे सीनरी बघावी तशी बघतात. मग आम्ही सगळे पठारावर पवनचक्क्यांकडे जातो. पवनचक्की बिचारी बाराही महिने सीनरी असते.

वडगावचा घोटाळा झाला तो ह्याच पठारावरून. गावाचं खरं नाव वडगाव नाही. पण खरं लिहिलं तर पुढच्या जत्रेला मला बोलावणार नाहीत, आणि वडगाव म्हणून खपायला हरकत नसावी, आमच्याकडे दर दहा मैलांवर एक आहेच.

आधी वडगावचे दोन भाऊ सांगतो. थोरले तात्या, फौजेतून हवालदार होऊन आलेले, आता पंचाहत्तरीच्या पुढं. धाकटे बापू, ऊस, दूध आणि जत्रा कमिटीचं अध्यक्षपद अशी तिन्ही शेती करणारे. नाथाच्या पालखीच्या पुढच्या दांडीचा मान ह्यांच्या घराचा. उजव्या अंगाला थोरला, डाव्या अंगाला धाकटा, दोघा सख्ख्या भावांनी खांदा दिल्याशिवाय पालखी उंबरा ओलांडत नसे. नसे म्हणायचं, कारण गेली नऊ वर्षं तात्यांच्या जागी चुलतभाऊ उभा राहत होता. तात्या आणि बापू एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण होतं नारळ. जत्रेच्या कुस्त्या लहान पोरांपासून सुरू होतात आणि पहिल्या जोडीला बक्षीस म्हणून नारळ असतो. त्या वर्षी तात्यांचा नातू लढला. पंच बापू. तात्यांचं म्हणणं, समोरच्या पोराची पाठ लागली. बापूंचं म्हणणं, खांदा लागला, पाठ नाही. त्यांनी कुस्ती बरोबरीत सोडवली आणि नारळ फोडून अर्धा-अर्धा दिला. अर्धी वाटी तात्यांच्या घरी गेली, तात्यांनी ती परत पाठवली, आणि पाठ का खांदा ह्यावर दोन सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं. ती दोन्ही पोरं आज एकाच मोटारसायकलवरून कॉलेजला जातात. त्यांना कुस्ती आठवतसुद्धा नाही.

ह्या वर्षी बापूंनी ठरवलं की मिटवायचं. पण तोंडानं मिटवतील तर ते बापू कसले. ते बॅनर करायला आमच्या दुकानी आले. आमच्याकडे माणूस जन्मला, निवडून आला, कुस्ती जिंकला किंवा त्याचं काही जमलं नाही, तरी बॅनर लागतो. त्याचं कॉम्प्युटरवरचं काम माझी बायको शैला करते. म्हणजे आमच्या दुकानाचे दोन भाग आहेत, कॅमेरा माझा आणि कॉम्प्युटर तिचा. मी त्या दिवशी कुठल्याशा साखरपुड्याला गेलो होतो. बापूंनी शैलाला सांगितलं, सगळ्यात वर गोलात तात्याचा फोटो टाक, अध्यक्षाच्याही वर. शैलानं टाकला. बापूंनी बघितला, मान हलवली आणि गेले. तात्यांच्या घरी निरोप पोचला की कमानीवर तात्या लागणार आहेत, तेही सगळ्यात वर. तात्यांनी पांढरा सदरा इस्त्रीला दिला. ही बातमी गावभर झाली, कारण इस्त्रीचं दुकान गावात एकच आहे.

जत्रेच्या आदल्या दिवशी मी पठारावर होतो. नवरा फौजेतला, बारा दिवसांच्या सुट्टीवर आलेला. नवरी कवठे महांकाळकडची. तिचा घोळदार गाऊन पवनचक्कीच्या वाऱ्यानं असा फुगला की पोरगी पाती लावून उडते का काय अशी भीती वाटायला लागली. तिची आत्या दगडामागं बसून गाऊनचं टोक दोन्ही हातांनी धरून होती. नवरा प्रत्येक फोटोत सावधान. मी म्हणालो, जरा सैल उभे राहा. तो विश्राममध्ये उभा राहिला. मी म्हणालो, तिच्याकडे बघा. त्यानं मान उजवीकडे केली, परेडमध्ये करतात तशी, हनुवटीसकट.

तेवढ्यात बापूंचा फोन. वाऱ्यात निम्मं ऐकू येत होतं.

"दिलीपराव, उद्याचं एक काम हाय. तात्याचा फोटो काढा. इसरू नका, लय म्हत्त्वाचं हाय."

मी म्हटलं, काढतो. उद्या भाऊ नऊ वर्षांनी खांद्याला खांदा लावणार, त्याचा फोटो हवा, ह्यात न समजण्यासारखं काय होतं? आणि विसरू नये म्हणून मी लगेच शैलाला फोन लावला, कारण माझ्या विसरण्याची वही तिच्याकडे असते.

"बापूंचा फोन होता," मी वाऱ्यात ओरडलो. "तात्यांचा फोटो काढायचाय म्हणतात."

पलीकडे थोडी टकटक. मग शैला म्हणाली, "काढला."

आता घरात खुर्चीवर बसलेल्या बाईनं दोन तालुके पलीकडच्या म्हाताऱ्याचा फोटो अर्ध्या मिनिटात कसा काढला, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण त्याच क्षणी आत्याच्या हातून गाऊन सुटला आणि नवऱ्याच्या तोंडावर बसला, आणि त्या दिवसातला एकमेव हसरा फोटो मला मिळाला. मी फोन खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला वडगावात पोचलो. कमानीवर बॅनर झळकत होता. खाली कमिटी, मधे बापू फेट्यात, आणि सगळ्यात वर सोनेरी गोलात एक भलामोठा नारळ. शेंडीसकट, पाणी शिंपडल्यासारखा ताजा. मी दोन पावलं मागं सरून कौतुकानं बघितलं. मनात म्हटलं, शैलाचा हात बसलाय हं आता.

मग बापू आले. फेटा बांधायचा राहिलेला, अर्धा गळ्यात लोंबत होता.

"तात्या कुठाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, येतील की चारला, पालखीला.

"आवं, ब्यानरवर."

मी वर बघितलं. नारळ शेंडी उभारून माझ्याकडे बघत होता.

मी तिथूनच शैलाला फोन करून विचारलं. घडलं होतं ते असं. माझ्या धंद्यात फोटो काढणं म्हणजे कॅमेरा डोळ्याला लावणं. शैलाच्या धंद्यात फोटो काढणं म्हणजे बॅनरवरून माणूस काढून टाकणं. वीस वर्षं आम्ही एका घरात राहतो, एका दुकानात बसतो, आणि हा शब्द आमच्यात दोन तोंडांचा आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझा फोन गेला तेव्हा फाइल छपाईला पाठवायच्या बेतात तिच्या समोर उघडी होती. तिला वाटलं, भावांचं पुन्हा बिनसलं. बॅनरवर आदल्या दिवशी माणसं चढतात, उतरतात, त्यात नवीन काही नाही. तिनं तात्यांना काढलं, आणि गोल मोकळा दिसायला लागला म्हणून तिथं काहीतरी शुभ असावं असा विचार करून नारळ बसवला. छापणाऱ्यानं छापला आणि पहाटे येऊन बांधून गेला.

शुभच होता. पण नऊ वर्षांपूर्वीचं भांडण नारळावरून. आणि आमच्याकडे एखाद्याला कामावरून घालवलं की त्याला नारळ दिला म्हणतात. तात्या सकाळी सातला इस्त्रीचा सदरा घालून, मिशीला तेल लावून, आपला फोटो बघायला कमानीपर्यंत चालत आले होते. चहाच्या टपरीवाल्यानं सांगितलं की ते तिथं दोन-तीन मिनिटं उभे होते, मान वर करून. मग मागं वळले, फौजी लोक वळतात तसे टाच फिरवून, आणि मळ्यात निघून गेले.

मी बापूंना सगळं सांगितलं. ते कमानीच्या पायरीवरच बसले. मला वाटलं चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, तुम्ही स्वतः जाऊन सांगा.

"मी गेलो तर म्हंतील, आता नारळ घ्यून आला," ते म्हणाले. मग बराच वेळ गुडघा चोळत बसले. "त्यांचं गुडघं गेलंत. औंदा कसंतरी हुबं ऱ्हातील. फुडल्या साली मी कुणासंगं खांदा लावू?"

चारला पालखी होती. सात तास.

मी शैलाला पुन्हा फोन लावला. मी म्हटलं, दुसरा बॅनर छापून घेऊन ये. ती म्हणाली, "ब्यानर ऱ्हाऊ द्या. माणूस गेलाय तो आदी बघू." आणि स्कूटीवरून, डोक्याला ओढणी बांधून, चैत्राच्या उन्हात ती दीड तासात वडगावात हजर झाली. नारळाकडे तिनं एकदाच बघितलं. म्हणाली, चित्र चांगलं आलंय. मग आम्ही मळ्यात गेलो.

तात्या कडबा कुट्टी यंत्रावर होते. सदरा दोरीवर, अंगात बनियन. कुट्टीचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको, शेजारी उभं राहून भांडतासुद्धा येत नाही. मी बरीच तयारी केली होती. "तात्या, चूक आमची झाली," अशी सुरुवात केली. तात्यांनी कानामागं हात धरला. मी पुन्हा ओरडलो. त्यांनी मला कडब्याची एक पेंढी दिली. मला वाटलं राग शांत होतोय. पण त्यांना वाटलं होतं मी मदतीला आलोय. मी पेंढी यंत्राला दिली. दुसरी दिली. मी असा माफी मागत-मागत सात-आठ पेंढ्या कुट्टी करून दिल्या आणि एक अक्षर त्यांच्या कानी गेलं नाही.

शेवटी शैला पुढं झाली आणि तिनं बटण बंद केलं.

एकदम इतकं शांत झालं की म्हशीचं रवंथ ऐकू आलं.

"तात्या," ती म्हणाली, "बापूंनी न्हाई काढलं तुमाला. मी काढलं. ह्या माज्या बोटानं."

आणि तिनं सगळं सांगितलं. मी, पठार, वारा, फोन, काढणं. तात्या ऐकत होते. मधेच त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांनी विचारलं त्यात बॅनर नव्हता, नारळ नव्हता, मीही नव्हतो.

"म्हंजे त्येनं घातला हुता?"

"सगळ्यात वर. त्यांच्या सोताच्या बी वर."

"दाव."

तिनं मोबाइलवर पहिली फाइल उघडली. तात्यांच्या बायकोनं, काकूंनी, आतून चष्मा आणून दिला. तात्यांनी मोबाइल आरशासारखा समोर धरला. सोनेरी गोलात विशीतला जवान होता, टोपी कपाळावर तिरकी, गाल बसलेले, डोळ्यांत भलतीच ऐट. आणि त्याच्या डाव्या खांद्यावर एक लहानसा हात. नुसता हात, बाकी कोणी नाही.

हे मला माहीत नव्हतं. शैलानं तेव्हाच सांगितलं. बापू तो फोटो दुधाच्या पिशवीत गुंडाळून घेऊन आले होते. मूळ फोटोत दोघं भाऊ होते. तात्यांपुरता कापल्यावर खांद्यावर हात राहिला. शैला म्हणाली, हा पुसते. बापू म्हणाले, तेवढा राहू दे.

तात्यांनी मोबाइल आणखी जवळ धरला.

"ह्यो फोटू माझ्यापशी बी न्हाई," ते म्हणाले. मग अंगठ्यानं त्या लहान हातावर टिचकी मारल्यासारखं केलं, आणि स्क्रीन हलून फोटो मोठा झाला म्हणून दचकले. "भरती झालो तवाचा. ह्याला स्टुलावर हुबा केला हुता. पडंल म्हणून माजा खांदा धरला हुता बेण्यानं."

मला वाटलं, आता उठतील. डोळे पुसतील. मी मनातल्या मनात कॅमेरा काढलासुद्धा. तात्यांनी चष्मा घडी करून काकूंकडे दिला, मोबाइल शैलाकडे दिला आणि यंत्राचं बटण दाबलं. म्हणाले काहीतरी, पण ते कुट्टीत गेलं.

आम्ही हात हलवत परत निघालो. बांधापर्यंत आलो तोवर शैलानं माझा दंड चिमटला. मी वळून बघितलं. काकू दोरीवरचा सदरा उतरवत होत्या आणि कॉलरला पडलेली सुरकुती तळहातानं दाबत होत्या.

चारला ढोल सुरू झाले. नाथाचा मुखवटा पालखीत बसला. बापू डाव्या अंगाला उभे, आणि उजव्या अंगाला चुलतभाऊ दरवर्षीसारखा जाऊन उभा राहिला. बापू सारखे वाटेकडे बघत होते आणि बघत नसल्यासारखं दाखवत होते. मी देवळाच्या पायरीवर, टोपडं घातलेला कॅमेरा धरून. शैला माझ्यामागं. पुजाऱ्यानं हात वर केला. एवढ्यात गर्दी आपोआप बाजूला व्हायला लागली आणि पांढरा सदरा घातलेले तात्या, काठी न घेता, दात आवळून, पायऱ्या चढून आले.

चुलतभाऊ न सांगता बाजूला झाला. पण तात्या जाऊन उभे राहिले ते बापूंच्या बाजूला. बापूंना काय करावं कळेना. ते हात जोडायला लागले. तात्या नऊ वर्षांत त्यांच्याशी पहिल्यांदा बोलले.

"उजवा गुडघा दुखतोय माजा. आज ही बाजू मला दे. सरक."

बापू सरकले. म्हणाले, "सरकतो की, आवं."

एवढंच. हे मी मुद्दाम लिहिलं, कारण मला वाटतं हे बोलणं त्या पायरीवर मी, शैला आणि पुजारी अशा तिघांनीच ऐकलं असेल. पुढच्या क्षणी कुणीतरी "चांगभलं" ओरडलं आणि सगळं गाव ओरडलं. पोती मोकळी झाली. दोन्ही म्हाताऱ्यांनी दांडी उचलली. आणि पालखी उंबऱ्याबाहेर येताच पोरांना जोर चढला, त्यांनी ती गरगर फिरवली, खांदे बदलले, पुन्हा फिरवली. गुलाल इतका की दिवसाची संध्याकाळ झाली, गुलाबी. मी तोंड मिटून ठेवायचा माझाच नियम विसरलो आणि ओरडायला लागलो. घशात खोबरं गेलं. शैला पाठीत गुद्दे घालत होती. त्यातच मी बटण दाबत होतो. किती वेळा दाबलं ते मला माहीत नाही. माझ्या आयुष्यातला इतका चांगला फोटो आपण आत्ता घेतोय, हे मात्र मला पक्कं माहीत होतं.

घरी येऊन बघितलं. शंभरएक फोटो, सगळे गुलाबी. नुसते गुलाबी. नव्वद फोटोंत तर गुलाल आहे हेही सांगावं लागेल. एकच त्यातल्या त्यात बरा आला. त्यात एक दांडी दिसते आणि तिच्या दोन बाजूंना दोन गुलाबी माणसं. नाक नाही, मिशी नाही, फेटा आणि डोकं सारखंच. ती समोरून येतायत का पाठमोरी जातायत, हेही छातीठोक सांगता येत नाही. इतक्या वर्षांचा अनुभव, एवढा महागडा कॅमेरा, आणि नऊ वर्षांनी आलेला क्षण मी असा टिपला. बैलाचा पासपोर्ट फोटो मी ह्याहून चांगला काढला होता.

मी तो लपवणार होतो. शैलानं मोठा करून छापला आणि दोघा भावांना दाखवला. ते खूश झाले. देवळात लावायचा ठरला, मोठी फ्रेम, खाली नावं. नावं म्हणजे रीतीनं डावीकडून. आणि तिथंच अडलं.

पुढच्या सोमवारी, बाजाराच्या दिवशी, दोघं एकाच गाडीवरून दुकानात आले. तात्या म्हणाले, डावीकडचा मी. बापू म्हणाले, नाही, पालखी फिरल्यावर तुम्ही उजवीकडे आलात, डावीकडचा मी. तात्या म्हणाले, फिरली दोनदा, म्हणजे मी परत डावीकडे. बापू म्हणाले, तीनदा. मग फोटो समोरून का पाठीमागून ह्यावर अर्धा तास. डावीकडचं नाव पहिलं वाचलं जातं, तेव्हा माघार कोण घेणार? मला पंच केलं. मी भिंग लावून बघितलं आणि नऊ वर्षांपूर्वीच्या पंचाचं काय झालं ते आठवून म्हटलं, पुढच्या सोमवारी सांगतो. पुढच्या सोमवारी ते पुन्हा आले. असं बरेच सोमवार चाललं. भांडण दुकानात, चहा आमचा, आणि जाताना दोघं एका गाडीवर.

मग एका सोमवारी तात्या एकटेच आले. एसटीनं. बापूंना ताप होता. मी शैलाकडे बघितलं, शैलानं माझ्याकडे. प्रतिस्पर्धी अंथरुणात आणि फ्रेम काउंटरवर. तात्या खुर्चीवर बसले. चहा नको म्हणाले. बराच वेळ त्या गुलाबी फोटोकडे बघत राहिले.

"लिव पोरी," ते म्हणाले. "डावीकडं बापू. मग मी."

शैलानं दोनदा विचारलं, नक्की का? त्यांनी मान हलवली. पट्टी छापली, फ्रेमला लावली. तात्या उठले आणि औषधाच्या दुकानाचा रस्ता विचारून गेले.

पुढच्या सोमवारी बापू बरे होऊन आले, तात्या मागं बसलेले. शैलानं फ्रेम पुसून समोर ठेवली. बापूंनी चष्मा लावला, पट्टी वाचली, फोटोवर नाक टेकेल इतके वाकले, आणि काउंटरवर हात आपटला.

"ह्यो मी न्हवं," ते म्हणाले. "माज्यात एवढी ऐट कवा हुती? ह्यो तात्या हाय."